अडथळ्यापलीकडचे पहिले पाऊल

अडथळ्यांची शर्यत पाहण्यासाठी मैदानाभोवती जमलेल्या प्रेक्षकांची दृष्टी बहुधा अडथळ्याच्या आडव्या पट्टीवर खिळलेली असते. धावपटू पट्टीवरून सुखरूप गेला, की त्यांचा जीव भांड्यात पडतो. तो अडखळला, की सर्वांच्या तोंडून हळहळ निघते. परंतु शर्यतीचा निकाल पुष्कळदा पट्टीवर लागत नाही. पट्टीच्या पलीकडे, जेथे धावपटूचा पाय पुन्हा जमिनीला लागतो, त्या वीतभर जागेत तो ठरत असतो. पट्टी ओलांडणे हे या शर्यतीतील अर्धेच काम आहे. ओलांडल्यानंतर वेग न गमावता धावू लागणे हे उरलेले अर्धे काम होय, आणि तेच अधिक कठीण आहे.

हे किती सूक्ष्म काम आहे याची कल्पना दोन आकड्यांवरून येईल. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत मुंबईच्या सिद्धांत थिंगलाया याने २०१७ साली १३.४८ सेकंद अशी राष्ट्रीय विक्रमाची वेळ नोंदविली. हा विक्रम मोडण्यास सात वर्षे लागली. २०२४ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्याच तेजस शिरसे याने फिनलंडमध्ये १३.४१ सेकंदांत ही शर्यत पुरी केली. दोहोंमधील अंतर एका सेकंदाच्या शंभर भागांपैकी सात भागांचे आहे. शर्यतीत अडथळे दहा असतात. म्हणजे एकेका अडथळ्याच्या वाट्यास सेकंदाचा हजारांश सातदा घेऊन जेवढा होईल तेवढाच काळ आला! सात वर्षांच्या अंतराने झालेली ही प्रगती इतक्या बारीक मापाची आहे.

दुसरे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत प्रथमच खेळली गेली. तीत पी. टी. उषा हिने ५५.४२ सेकंद वेळ दिली. तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची वेळ ५५.४१ सेकंद होती. सेकंदाच्या शंभराव्या भागाने भारताचे पदक हुकले. उषाच्या त्या वेळेची बरोबरी होण्यास पुढे एकोणचाळीस वर्षे जावी लागली. तमिळनाडूच्या विद्या रामराजने २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत नेमकी तेवढीच, ५५.४२ सेकंदांची वेळ नोंदविली.

जेथे शतांश सेकंदाला एवढे मोल आहे, तेथे प्रत्येक अडथळ्यामागे पाऊल चुकीचे पडून वाया जाणारा क्षण किती महाग पडतो, हे निराळे सांगावयास नको.

शर्यतीचे स्वरूप

पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत अडथळ्याची उंची १.०६७ मीटर असते. आरंभरेषेपासून पहिला अडथळा १३.७२ मीटरांवर आणि त्यापुढील प्रत्येक अडथळा ९.१४ मीटरांच्या अंतरावर असतो. स्त्रियांच्या १०० मीटर शर्यतीत उंची ०.८३८ मीटर, पहिला अडथळा १३ मीटरांवर व दोन अडथळ्यांमधील अंतर ८.५ मीटर असते. अठरा वर्षांखालील मुलींसाठी अंतरे तीच ठेवून उंची मात्र ०.७६२ मीटर करण्यात येते. अडथळ्याचे पाय धावपटू ज्या बाजूने येतो त्या बाजूस पसरलेले असतात. त्यामुळे पट्टीला धक्का लागल्यास अडथळा पुढे कलंडतो आणि धावपटूस सहसा मोठी इजा होत नाही. हाच अडथळा उलट बाजूने ओलांडू गेल्यास तो कलंडत नाही, धावपटूलाच पाडतो. म्हणून सरावातसुद्धा अडथळा उलट दिशेने कधीही ओलांडू नये, हा पहिला नियम होय.

पट्टीच्या दिशेने प्रथम उचलला जातो तो आघाडीचा पाय, आणि जमिनीला रेटा देऊन मागाहून येतो तो पिछाडीचा पाय. अडथळ्यापलीकडे जमिनीला प्रथम लागतो तो आघाडीचा पाय. पिछाडीचा पाय त्यानंतर पुढे येऊन धावेचे पहिले पाऊल टाकतो. दोन अडथळ्यांच्या मध्ये निष्णात धावपटू तीन पावले टाकतात. त्यांतील पहिले सर्वांत आखूड, दुसरे सर्वांत लांब आणि तिसरे दुसऱ्याहून किंचित आखूड असते. पहिले पाऊल बिघडले, की पुढील दोन्ही पावलांचा हिशेब चुकतो.

आघाडीचा पाय सरळ पुढे नेण्याची ही रीत पहिल्यापासून प्रचारात नव्हती. पूर्वीचे धावपटू पाय दुमडून अडथळ्यावरून अक्षरशः उडी मारीत. सरळ पायाची रीत रूढ करण्याचे श्रेय बहुधा अमेरिकेच्या ॲल्विन क्रेन्झलाइन याला दिले जाते. १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने चार वैयक्तिक शर्यती व स्पर्धा जिंकल्या. त्यांपैकी दोन अडथळ्यांच्या होत्या. उडी मारण्याऐवजी अडथळ्यावरून धावत जाणे, हे या रीतीचे मर्म होते. उत्तम प्रतीचे उतरणे त्यामुळेच शक्य झाले.

हवेतील मार्ग

आता कावेरीकाठच्या एका मैदानाकडे वळू. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमध्ये वसलेले कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील जुने क्षेत्र. तंजावरास भोसले घराण्याचे राज्य होते, म्हणून हा प्रदेश मराठी वाचकांस परका नाही. अशा गावातील एखाद्या शाळेत सोळा वर्षांची एक मुलगी अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव करते आहे, असे समजू. तिची उंची १६० सेंटिमीटर व वजन ४८ किलोग्रॅम आहे. ती चपळ आहे, सपाट धावेत शाळेत पहिली येते. परंतु अडथळ्यांच्या शर्यतीत तिसऱ्या-चौथ्या अडथळ्यानंतर मागे पडते. तिच्या शिक्षकास असे दिसते, की प्रत्येक अडथळ्यापलीकडे तिचे पाऊल आपटल्यासारखे पडते आणि तिची गती खुंटते. हा दोष कोठून येतो व तो कसा घालवावा?

येथे यंत्रशास्त्रातील एका साध्या नियमाचे साहाय्य होते. शरीराचे सर्व वजन जेथे एकवटले आहे असे मानता येते, त्या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. मनुष्य सरळ उभा असता हा बिंदू साधारणपणे बेंबीच्या किंचित खाली असतो. पाय जमिनीवरून सुटला, की पुन्हा जमिनीला लागेपर्यंत या बिंदूचा मार्ग बदलणे कोणाच्याही हाती नसते. फेकलेल्या दगडाप्रमाणेच तो अन्वस्त नावाच्या वक्र रेषेवरून जातो. हातपाय कितीही हलविले तरी ती रेषा बदलत नाही. ती रेषा कोणती असावी, हे जमीन सोडण्याच्या क्षणीच ठरून गेलेले असते.

या नियमातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. धावपटू कोठे व किती जोराने उतरेल, हे अडथळ्याच्या अलीकडेच ठरते. उतरणे पलीकडे बिघडलेले दिसत असले, तरी त्याचे मूळ पुष्कळदा अलीकडच्या पावलात असते.

आपल्या उदाहरणातील मुलगी उभी असताना तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटर उंच असतो. तिचा अडथळा तर ७६ सेंटिमीटर उंचीचाच आहे. म्हणजे गुरुत्वमध्य पट्टीच्या वर आधीपासूनच आहे! तिला सारे शरीर उंच उचलावयाचे नसून केवळ पायांना वाट करून द्यावयाची आहे. त्यासाठी गुरुत्वमध्य सुमारे १५ सेंटिमीटर वर उचलला गेला तरी पुरे.

तो १५ सेंटिमीटर वर जाऊन तेवढाच खाली येण्यास गुरुत्वाकर्षणाच्या नियमानुसार ०.३५ सेकंद लागतात. ती सेकंदास ६.८ मीटर वेगाने जात असल्यास एवढ्या वेळात गुरुत्वमध्य सुमारे २.४ मीटर पुढे सरकेल. तिने पट्टीच्या १.७५ मीटर अलीकडे जमीन सोडली, तर पलीकडे सुमारे ९५ सेंटिमीटरांवर पाय टेकेल. मार्गाचे शिखर पट्टीच्या थोडे अलीकडे, वीतभर अंतरावर येईल. पट्टीवरून जाताना तिचे शरीर खाली येऊ लागलेले असेल, आणि पाय लवकर व हलका जमिनीला लागेल. हा झाला उत्तम मार्ग. मोठ्या धावपटूंच्या बाबतीत हे आकडे वाढतात. त्यांचे जमीन सोडणे साधारणतः दोन मीटर अलीकडे आणि उतरणे एक ते दीड मीटर पलीकडे असते. परंतु अलीकडचे अंतर पलीकडच्या अंतराहून बरेच अधिक, हे प्रमाण सर्वत्र आढळते.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. मुलीच्या मनात पट्टीची धास्ती आहे. म्हणून ती जवळ येऊन, खात्री करून घेऊन, मग उडी मारते. जमीन सोडते ती केवळ १.३५ मीटर अलीकडे. एवढ्या जवळून पट्टी चुकवावयाची तर उडी उभी मारावी लागते. गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटर वर जातो आणि ती ०.४५ सेकंद हवेत राहते. वर उसळण्यात तिचा पुढे जाण्याचा वेगही घटतो. तो सेकंदास ५.८ मीटर उरला असे धरल्यास मार्गाचे शिखर पट्टीच्या पलीकडे सुमारे ३० सेंटिमीटरांवर येते आणि ती दीड मीटरहून अधिक अंतरावर जाऊन आदळते. हवेत असताना ती पुढे सरकत असतेच, म्हणून हवेतला सारा काळ वाया जातो असे म्हणता येणार नाही. परंतु हवेत वेग वाढविता येत नाही. वेग वाढतो तो जमिनीला पाय लावूनच. जमिनीपासून दूर राहण्याचा प्रत्येक अधिक क्षण हा त्या दृष्टीने तोट्याचाच होय.

उंच उडीची किंमत पायांनाही द्यावी लागते. १५ सेंटिमीटरांवरून खाली येणाऱ्या शरीराचा अधोगामी वेग सेकंदास १.७ मीटर असतो. २५ सेंटिमीटरांवरून येताना तो २.२ मीटर होतो. पायाला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा पहिल्या वेळी सुमारे ७० जूल, तर दुसऱ्या वेळी ११८ जूल भरते. एका दिवशीच्या सरावात असे चाळीस अडथळे ओलांडले, तर तिचा घोटा आणि गुडघा यांनी किती व्यर्थ भार सोसला, याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा.

चाकाचा दृष्टान्त

उतरण्याच्या क्षणी दुसरी एक गोष्ट घडते. बैलगाडीचे चाक फिरत असते तेव्हा गाडी पुढे जाते, हे सर्वांनी पाहिले आहे. परंतु चाकाचा जो भाग जमिनीला टेकलेला असतो, तो त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. आसाच्या मानाने पाहिले तर तो भाग मागे जात असतो. हे मागे जाणे आणि गाडीचे पुढे जाणे यांची बरोबर वजाबाकी होते. म्हणूनच चाक घसरत नाही व गाडीस अटकाव होत नाही.

अडथळ्यापलीकडे टेकणारा पाय अशा चाकाप्रमाणे असावा. शरीर पुढे चालले असता पाय शरीराच्या मानाने मागे खेचला जात असेल, तर तो जमिनीला लागताना जवळजवळ स्थिर असतो. मग तो जमिनीला मागे रेटतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार जमीन शरीरास पुढे रेटते. उलट पाय लांब पसरून, टाच पुढे करून तो शरीरापुढे पडला, तर तो जमिनीला पुढे ढकलतो आणि जमीन शरीरास मागे ढकलते. धावपटू स्वतःच स्वतःचा अटकाव करून घेते! म्हणून जाणते मार्गदर्शक सांगतात, की आघाडीचा पाय पट्टीवरून जाताच त्याची वाट पाहू नये, तो जमिनीकडे व मागे सक्रियपणे खेचावा. तो चवड्यावर पडावा. आणि त्या क्षणी कंबर पावलाच्या वर किंवा किंचित पुढे असावी. कंबर उंच राहावी, गुडघा वाकून खचू नये. पाऊल जमिनीला लागून सुटण्यास निष्णात धावपटूंस सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी काळ पुरतो.

धड पुढे का झुकवावे, याचेही उत्तर यातच आहे. हवेत असताना शरीरास बाहेरचा टेकू नसतो. त्यामुळे शरीराचा एक भाग एका दिशेने फिरला, की दुसरा भाग उलट दिशेने फिरतो. आघाडीचा पाय खाली खेचला, की धड आपोआप वर उठते. पट्टीवर धड पुढे झुकलेले असेल, तर ते उठून योग्य जागी येते. ते आधीच ताठ असेल, तर उठता उठता मागे कलते, आणि धावपटू मागे रेललेल्या स्थितीत टाचेवर उतरते.

हातांचे कामही असेच आहे. पिछाडीचा पाय गुडघ्यातून दुमडून बाजूने पुढे येतो तेव्हा तो धडास पिळ देऊ पाहतो. त्याच बाजूचा हात त्या वेळी मागे फिरला, तर हा पिळ सावरला जातो. हात निष्क्रिय राहिला, तर खांदे वळतात, पाऊल मधल्या रेषेच्या पलीकडे तिरके पडते, आणि सरळ धावण्याऐवजी वाकडी चाल सुरू होते.

दोष एकमेकांना जन्म देतात

आपल्या उदाहरणातील मुलीचे दोष आता साखळीप्रमाणे जोडून दाखविता येतील. पाऊल शरीरापुढे पडल्यामुळे वेग घटला. वेग घटल्यामुळे पुढच्या अडथळ्यापर्यंत तीन पावलांत पोहोचणे कठीण झाले. म्हणून तिने शेवटचे पाऊल ताणून लांब टाकले. ते शरीराच्या पुष्कळ पुढे पडल्याने तिची गती पुन्हा अडली व शरीर वर उसळले. उंच उडी झाली, म्हणून उतरणे पुन्हा जड झाले. पहिल्या अडथळ्यापाशी झालेली लहानशी चूक चौथ्या अडथळ्यापर्यंत मोठी होते ती अशी.

मुरलेल्या धावपटूंनाही ही साखळी सोडीत नाही. १९९२ साली बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची गेल डीव्हर्स १०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत आघाडीवर होती. दहाव्या, म्हणजे अखेरच्या अडथळ्याला तिचा पाय लागला, उतरताना तोल गेला आणि अडखळत अंतिम रेषा गाठेपर्यंत ती पाचवी ठरली. अवघ्या काही दिवसांपूर्वी तिने त्याच ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची सपाट धाव जिंकली होती. जगातील सर्वांत वेगवान स्त्रीसही अडथळ्यापलीकडचे एक पाऊल एवढे महाग पडले.

मातीचा साक्षीदार

दोष घालविण्यापूर्वी तो नीट पाहिला पाहिजे. उतरण्याची क्रिया इतकी जलद होते, की नुसत्या डोळ्यांनी तिचे बारकावे टिपता येत नाहीत. आज भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने मंद गतीचे चित्रण करता येते. सेकंदास तीस चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यास पाऊल जमिनीवर असतानाची जेमतेम तीन चित्रे मिळतील. सेकंदास २४० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यास सुमारे चोवीस मिळतील. कॅमेरा बाजूस, कंबरेच्या उंचीवर, अडथळ्याच्या रेषेत ठेवावा.

परंतु प्रत्येक शाळेपाशी हे साधन असेलच असे नाही, आणि त्यावाचून अडूही नये. कावेरीच्या गाळाचा प्रदेश या कामी स्वतःच साहाय्य करतो. अडथळ्यापलीकडे दोन मीटरपर्यंत चाळलेल्या मऊ मातीचा पातळ थर पसरून तो फळीने सारखा करावा. थर बोटाच्या पेराएवढाही जाड नसावा, नाहीतर पाय घसरेल. मुलगी अडथळा ओलांडून गेली, की मातीत उमटलेले पाऊल पाहावे. केवळ चवड्याचा ठसा उमटला असेल, तर उतरणे चांगले. टाचेचा खड्डा खोल असेल, तर कंबर मागे राहिली होती. मातीचा ढीग ठशाच्या पुढच्या बाजूस लोटला गेला असेल, तर पावलाने अटकाव केला. मागच्या बाजूस लोटला असेल, तर पावलाने रेटा दिला. ठसा तिरका असेल, तर पिळ सावरला गेला नाही. फीत लावून पट्टीपासूनचे अंतरही मोजता येते. कानांचाही उपयोग करावा: जड उतरणे ‘धप्प’ असा आवाज करते, हलक्या उतरण्याचा आवाज धावेतील इतर पावलांहून निराळा ऐकू येत नाही.

क्रमाक्रमाने सुधारणा

सुधारणेचा आरंभ अडथळा उतरवून करावा. शिक्षकाने प्रथम पट्टी गुडघ्याएवढ्या उंचीवर आणावी. पट्टीची धास्ती गेली, की उभी उडी आपोआप कमी होते. नुसते ‘घाबरू नकोस’ असे सांगून धास्ती जात नाही. पट्टी खाली आणली, की जाते.

पहिल्या पायरीस पाच-सहा बुटके अडथळे जवळजवळ मांडून ते चालत ओलांडावेत. चालताना चवड्यावर राहावे, कंबर उंच ठेवावी व आघाडीचा पाय पट्टीपलीकडे कंबरेच्या खालीच टेकवावा. दुसऱ्या पायरीस अडथळ्याच्या कडेने संथ धावत जाऊन केवळ आघाडीचा पाय पट्टीवरून न्यावा व त्वरेने खाली खेचावा. तिसऱ्या पायरीस तसेच दुसऱ्या कडेने जाऊन केवळ पिछाडीचा पाय पट्टीवरून आणावा. त्याचा गुडघा काखेच्या दिशेने उंच येऊन छातीसमोर यावा आणि मगच पाऊल खाली पडावे. हा पाय घाईने खाली टाकला, तर तो आघाडीच्या पावलाशेजारीच पडतो आणि पहिले पाऊल नाहीसे होते.

चौथ्या पायरीस दोन्ही पाय एकत्र आणून पूर्ण अडथळा ओलांडावा. येथे फक्कीने दोन खुणा कराव्यात: एक पट्टीच्या १.७५ मीटर अलीकडे, दुसरी ९५ सेंटिमीटर पलीकडे. पहिली खूण ओलांडण्यापूर्वी जमीन सोडावी व दुसऱ्या खुणेच्या आसपास उतरावे. धावपटूच्या उंचीनुसार व वेगानुसार या खुणा थोड्या पुढेमागे कराव्या लागतात. त्या दगडावरची रेघ नव्हेत.

पाचव्या पायरीस तीन अडथळे मांडावेत. परंतु अंतर ८.५ मीटर न ठेवता ७.५ मीटर ठेवावे. याचे कारण साधे आहे. ८.५ मीटरांतून अडथळ्यामागचे व पुढचे मिळून २.७ मीटर वजा केल्यास ५.८ मीटर उरतात, आणि प्रत्येक पाऊल सरासरी १.९३ मीटरचे टाकावे लागते. नवशिक्या मुलीस हे ताणूनच जमेल, आणि ताणल्यामुळे वर सांगितलेली दोषांची साखळी पुन्हा सुरू होईल. ७.५ मीटर अंतर ठेवल्यास प्रत्येक पावलास १.६ मीटर येतात आणि तीन पावलांची लय सहज बसते. लय बसल्यावर अंतर वीतवीत वाढवीत न्यावे. उंची व अंतर ही दोन्ही एकाच दिवशी वाढवू नयेत, म्हणजे बिघाड झाल्यास तो कशामुळे झाला हे कळते.

सूचना देण्याचीही एक कला आहे. ‘घोटा असा ठेव, गुडघा तसा ठेव’ असे एकाच वेळी सांगितल्यास शिकणाऱ्याचा गोंधळ उडतो. त्याऐवजी ‘जमीन मागे खेच’, ‘पलीकडच्या खुणेकडे धाव’, ‘आवाज करू नकोस’ अशी शरीराबाहेरील गोष्टीकडे लक्ष वेधणारी सूचना अधिक उपयोगी ठरते. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि प्रत्येक प्रयत्नानंतर दोष सांगत बसू नये. मुलीला मातीतला ठसा स्वतः वाचू द्यावा. आपली चूक आपल्याच डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ती लवकर सोडतो.

वाढते शरीर आणि मैदान

सोळा वर्षांचे शरीर अद्याप घडत असते. बारा-तेरा वर्षांचे तर अधिकच. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे वाढते थर असतात आणि स्नायूंच्या ताणाचा परिणाम त्यांवर होतो. टाचेच्या मागे, गुडघ्याच्या वाटीखाली किंवा नडगीवर दुखू लागल्यास ती आळसाची सबब समजू नये. सराव थांबवावा, विश्रांती द्यावी आणि दुखणे न शमल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. आठवड्यातून दोन दिवस अडथळ्यांचा सराव पुष्कळ होतो. दोन सरावांमध्ये किमान एक दिवसाचे अंतर असावे. उरलेल्या दिवशी साधी धाव, दोरीवरच्या उड्या आणि पोटऱ्या व कंबर बळकट करणारे व्यायाम करावेत. थकलेल्या पायांनी केलेला सराव चुकीचेच उतरणे पक्के करतो.

मैदानाची काळजीही घ्यावी लागते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ, तर तमिळनाडूच्या किनारी भागात ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्य मोसमी वाऱ्यांचा जोर असतो. कुंभकोणमसारख्या गाळाच्या प्रदेशात अशा वेळी मैदान निसरडे होते. ओल्या चिकणमातीवर पूर्ण उंचीचे अडथळे मांडणे म्हणजे संकटास आमंत्रण देणे होय. त्या दिवसांत पडवीत किंवा सभागृहात पहिल्या तीन पायऱ्यांचा संथ सराव करावा. उन्हाळ्यात उलट जमीन दगडासारखी कडक होते. तेव्हा पाणी शिंपडून, माती भुसभुशीत करून उतरण्याची जागा सुसह्य करावी.

काय साधावयाचे आहे?

असा क्रम पाळल्यास आपल्या उदाहरणातील मुलीत काय फरक पडावा? तिची उडी बुटकी व्हावी, जमीन सोडण्याची जागा मागे सरावी, आणि मातीतल्या ठशाचा ढीग पुढून मागे जावा. प्रत्येक अडथळ्यामागे सेकंदाचा शंभरावा भाग वाचला, तरी दहा अडथळ्यांत दहावा भाग वाचेल. आणि सेकंदास सात मीटर धावणाऱ्या मुलीस दहाव्या भागात सत्तर सेंटिमीटर अंतर मिळते. तिसऱ्या-चौथ्या अडथळ्यानंतर मागे पडणाऱ्या मुलीस हे अंतर थोडके नाही.

परंतु याहून मोठा लाभ असा, की तिचे गुडघे व घोटे शाबूत राहतील, आणि पट्टीची धास्ती मनातून गेल्यामुळे ती पुढच्या वर्षीही मैदानावर उभी असेल. लहान वयात वेगाच्या हव्यासापायी पाय दुखावून खेळ सोडणाऱ्यांची हानी कोणत्याही पदकाने भरून येत नाही. अडथळा ओलांडणे धैर्याने साधते. पण त्यापलीकडे नीट उतरणे साधते ते समजून केलेल्या अभ्यासाने. मैदानाच्या कडेची मूठभर माती, फक्कीच्या दोन रेघा आणि लक्ष देऊन पाहणारा शिक्षक एवढे मिळाले, की त्या अभ्यासास आरंभ करता येतो.